ना निळं, ना गुलाबी

डायलिसिस केंद्रातले सगळे पेशंट तिथल्या टेक्निशियनला ताई म्हणत, मग ते तिच्या दुप्पट वयाचे का असेनात. अपवाद एकच. तीन नंबरच्या खुर्चीतली तिची सख्खी आत्या तिला "ए कार्टे" अशी हाक मारी. आईमाघारी तिनेच ताईला वाढवलं होतं, त्यामुळे तो हक्क तिचाच.

रोज सकाळी मशिन सुरू करण्याआधी ताई मागच्या खोलीत जाऊन पाणी तपासायची. नळाचं पाणी तिथल्या उंच टाकीतून मऊ होऊन, फिल्टरमधून मशिनकडे जाई. परीक्षा सोपी होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे. निळं झालं की पाणी मऊ. गुलाबी झालं की जड, म्हणजे त्यात क्षार उतरलेत, आणि ते मशिनला लावायचं नाही, नाहीतर क्षार थेट रक्तात जातात. सात वर्षांत ते कधी गुलाबी झालं नव्हतं.

त्या मंगळवारी पाणी ना निळं झालं, ना गुलाबी. जांभळं झालं.

ताईने नळी हलवून उजेडात धरली. जांभळंच. म्हणजे टाकी थकत आलेली; ती पुन्हा ताजी करायला मिठाच्या पाण्याने धुवायची तर दीड तास जाणार, आणि बाहेर तिघं ताटकळत बसलेली. त्यातले ड्रायव्हरकाका, जन्मभर टॅक्सी चालवलेले, तिथूनच ओरडले, "ताई, मीटर पडलंय हं, वेटिंग लागेल!"

थेंबच जुने झाले असतील, असं तिने मनाला समजावलं. रजिस्टरमध्ये 'निळा' लिहून टाकलं.

मशिनला जोडून घेताना आत्याची तोंडाची टकळी सुरूच होती. "आठ दिवस झाले, साबणाला फेस म्हणून येत नाही. केसांचा पार काथ्या झालाय बघ. तू रोज काय लावतेस गं डोक्याला?"

ताई हसली. पण सुई लावताना तिला आठवलं, घरातल्या बादलीलाही आठवडाभर पांढरं कडं धरत होतं.

साडेदहाला पहिल्या खुर्चीतल्या शिंपीणबाईंना भडभडून उलटी झाली. त्यांचं तोंड पुसून होतंय तोवर काका कण्हले, "ताई, डोकं फुटतंय गं. अंगातून नुसत्या वाफा निघतायत." त्यांचं ब्लडप्रेशर बघता बघता चढत होतं. ताईने वळून पाहिलं तर आत्याचा चेहरा लालबुंद झालेला, आणि ती गप्प होती. आत्या गप्प बसलेली ताईने आजवर पाहिली नव्हती.

तिने केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होते.

"उलटीची गोळी दे, बी.पी.ची दे. मी निघालोच. मशिन मात्र बंद करू नकोस, उपचार अर्धवट राहतील."

"तिघं एकाच वेळी आजारी पडत नाहीत, डॉक्टर. पाण्यात गडबड आहे."

"सकाळी तपासलंस ना?"

 ताईने फोन ठेवला, तिन्ही मशिन बंद केली आणि अँब्युलन्स बोलावली. मग मागच्या खोलीत धावली. पुन्हा थेंब टाकले. या वेळी पाणी क्षणात गुलाबी झालं, एखाद्या सरबतासारखं.

दुपारपर्यंत शिंपीणबाई आणि आत्या सावरल्या. दीड वाजता हॉस्पिटलातून फोन आला. काकांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ते गेले.

तोवर केंद्रात पोचलेल्या डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "रजिस्टरात निळाच आहे ना? मग तू कशाला मनाला लावून घेतेस? टाकी बिघडली, असं म्हणू."

ताईने रजिस्टर ओढलं. 'निळा'वर काट मारली, शेजारी 'जांभळा' लिहिलं, वेळ टाकली, सही केली. 

"काकांच्या घरी, काकूंना मी स्वतः जाऊन सांगणार आहे," ती म्हणाली. डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

तीनच्या सुमाराला, ताईने कळवल्यावरून, पाणीखात्याचा तपासनीस बाटलीत पाणी भरून न्यायला आला. भला माणूस होता, चप्पल दाराबाहेर काढून आत आला.

"तलाव तळाला गेलाय हो. आठ दिवस झाले, बोअरचं पाणी मिसळतोय. आज सकाळपासून तर जास्तच. जड असतं ते. पण प्यायला काही अपाय नाही, सगळं मर्यादेत आहे."

"आम्हाला कळवायचं तरी!"

"कुणाकुणाला कळवणार, ताई? नळ काय घरोघरी आहेत."

"म्हणजे फक्त आमच्याच भागात नाही?"

"छे! सगळ्या शहराला एकच लाइन."

ताई उभी होती तिथेच थिजली. सकाळपासून ती आपल्याच टाकीला आणि स्वतःला दोष देत होती. शहरात डायलिसिसची आणखी दोन केंद्रं होती. नदीपलीकडच्या केंद्रात सहा खुर्च्या; टाकी मोठी, सकाळची पाळी तिने निभावली असेल, पण त्यांची दुसरी पाळी दोनला सुरू होई.

तिने आधी तिथे फोन लावला. बराच वेळ वाजला. शेवटी तिथल्या टेक्निशियनने उचलला. धापा टाकत होता.

"मी नदीअलीकडच्या केंद्रातून बोलतेय. तुमचं पाणी आज तपासलंत?"

"ताई, जरा नंतर बोलू का?" तो म्हणाला. "इथे एकदम चौघांना उलट्या सुरू झाल्यात. काय झालंय काहीच कळत नाहीये."

"मशिन बंद करा!" ताई किंचाळली. "आधी मशिन बंद करा!"

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. मग पावलांचा आवाज आला, आणि कुणीतरी बाई मोठमोठ्याने कुणाचं तरी नाव घेऊन हाका मारू लागली. ताई फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिली. त्या हाकांना कुणी ओ देत नव्हतं.