शिंगाच्या मुठीची सुरी

आमच्या घरात सुरी हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. हातात दिली की त्या दोघांत भांडण होतं म्हणतात.

माझ्या वडिलांना, आण्णासाहेबांना, हा खुळेपणा वाटायचा. निजामाच्या राज्यात ते उस्मानाबादच्या कचेरीत पेशकार होते. हैदराबादेतल्या मेजवान्या पाहून आले आणि येताना शिंगाच्या मुठीची लांब सुरी घेऊन आले. बोकडाची मांडी अख्खी भाजायची आणि मेजावर पाहुण्यांसमोर कापायची, ही त्यांची ऐट. आईला ते मेज डोळ्यांसमोर नको असायचं. पण परसातल्या चुलीवर मांडी भाजायची तीच, आणि तशी चव मला पुन्हा मिळाली नाही.

एकदा तहसीलदारसाहेब जेवायला होते. आमच्या मूळ गावाहून, तेरहून, माझे थोरले चुलते बलभीमतात्याही आलेले. थोरल्याचा मान म्हणून वडिलांनी सुरी थेट त्यांच्या हातात दिली.

"दादा, आज तुम्ही कापा."

आई दारातून "खाली ठिवा" म्हणेपर्यंत देऊन झाली होती.

तात्यांनी जन्मात भाजलेली मांडी कापली नव्हती. गावाकडं मटणाचे तुकडे आधी होतात, मग हंडी चुलीवर चढते. त्यांनी लाकूड फोडावं तसा जोर लावला. मांडी निसटली ती साहेबांच्या शेरवानीवर. साहेब हसले. वाईट हे की वडीलही हसले. तात्यांनी पटका बांधला आणि उपाशीच गाडी जुंपून निघून गेले.

मग येणं-जाणं बंद. आई सुरीला दोष द्यायची, वडील तात्यांच्या रागाला. मला विचाराल तर दोष त्या हसण्याचा. वडील मात्र भावासाठी झुरत होते. मेजावर पुन्हा मांडी आली नाही.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरच्या संक्रांतीच्या करीला वडील आम्हाला घेऊन तेरला निघाले. भाजलेली मांडी परातीत, सुरी फडक्यात. तात्या ओसरीवर बसलेले. या म्हणाले नाहीत. वडिलांनी परात त्यांच्यापुढं सरकवली, सुरी जमिनीवर ठेवली आणि मागं सरले.

"म्या हसाया नको होतं, दादा."

तात्यांनी सुरीकडं बघितलं. मग उचलली. पातळ, एकसारखे काप पडू लागले. आम्ही बघतच राहिलो.

"शिकलेत आता," तात्यांच्या पत्नी सारजाकाकू म्हणाल्या. "दर सणाला अख्खी मांडी भाजाया लावत्यात. आमी किती वाकडंतिकडं खाल्लं, ते आमालाच ठावं."

तात्यांनी मान वर केली नाही. "आण्णा बोलवंल की कवातरी," ते म्हणाले. "तवा पुन्हा हसं व्हाया नको."

वडील सगळ्यांदेखत रडले. तात्यांनी मूठ त्यांच्याकडं करून सुरी जमिनीवर ठेवली, आणि उरलेली मांडी वडिलांनी कापली.