मोजणी पायांची

आर्लिस ट्वेटच्या कोपऱ्यात चौदा डोकी होती आणि लागत होती पंधरा.

तिने तिसऱ्यांदा मोजलं. चौदाच. लिंबाच्या वड्यांचं भलंमोठं ताट हातात घेऊन ती शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रिंगखाली उभी होती, आणि वड्या खायला मात्र सगळ्या कोपऱ्यांतली माणसं येऊन जात होती. खायचं आर्लिसचं आणि उभं राहायचं गव्हर्नरच्या कोपऱ्यात! एकालाही लाज नाही.

आयोवात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षाचे लोक असे जमतात तेव्हा चिठ्ठी नाही, पेटी नाही. आपला उमेदवार जो असेल त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. शंभरामागे पंधरा माणसं नसली की कोपरा मोडतो. मग अर्धा तास मिळतो. दुसऱ्यांची माणसं ओढा, नाहीतर आपली वाटून टाका. आज शहाण्णव जण आले होते. गव्हर्नर प्रेस्कॉटकडे एकावन्न, कारखानदार डनिंगकडे तेवीस, सिनेटर लॉर्ना व्हिटकोंबकडे आर्लिस धरून चौदा. उरलेले आठ जण मधल्या वर्तुळात, ‘कोणीच नको’ म्हणून. त्या आठांचा म्होरक्या हार्लन बोकर, निवृत्त पोस्टमन, सत्तरी ओलांडलेला आणि जगावर कायमचा रुसलेला.

प्रेस्कॉट दिसायला देखणा. ज्या गावात जाईल त्या गावासारखं बोलायचा, आणि बोललेलं पुढच्या गावापर्यंत टिकायचं नाही. डनिंगने चार कारखाने बंद करून पाचवा उघडला होता आणि त्या पाचव्याचेच फोटो वाटत हिंडत होता. आणि व्हिटकोंब? गावातला बाळंतपणाचा वॉर्ड ज्या कायद्यामुळे बंद पडला, त्या कायद्याच्या बाजूने तिनेच हात वर केला होता. आता म्हणत होती, चूक झाली, वॉर्ड पुन्हा उघडू. असले तीन नग. त्यातून एक उचलायचा आणि त्यालाच लोकशाही म्हणायचं.

आर्लिसची मुलगी जनेल सातव्या महिन्यात होती. जवळचं बाळंतपणाचं हॉस्पिटल सत्तर मैलांवर, आणि या दिवसांत रस्त्यावर बर्फ. आर्लिसने वॉर्डासाठीचा ठराव वहीच्या कागदावर लिहून आणला होता. तो जिल्ह्याच्या सभेत मांडायचा तर तिच्या कोपऱ्याचा निदान एक प्रतिनिधी जायला हवा. गव्हर्नरच्या माणसांनी ठराव हातातसुद्धा घेतला नव्हता. कोपरा मोडला की कागदही गेला.

आणि जनेल उभी होती गव्हर्नरच्या कोपऱ्यात. कमरेवर हात ठेवून.

“जनेल इकडे आली तर सोळा धरा!” आर्लिसच्या कोपऱ्यातून म्हातारा क्लीटस ओरडला. “दोघं येतील!”

सभा चालवणाऱ्या मर्ना स्लोबोडाने नियमांची पुस्तिका खरंच उघडून पाहिली. “नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा वर्षं पूर्ण हवीत,” ती गंभीरपणे म्हणाली. “होतात का?”

सगळी व्यायामशाळा हसली. जनेलही हसली, पण हलली नाही.

आर्लिस ताट घेऊन तिच्याकडे गेली. “चल की गं.”

“आई, वॉर्ड बंद करणाऱ्या बाईसाठी मी उभी राहू? मी? हे पोट घेऊन?”

“तुझा तो देखणा तरी उघडणार आहे का?”

“नाही उघडणार. पण त्याने बंद तरी नाही केला.”

मुलीचं चुकत नव्हतं, हेच तर दुखत होतं. जनेलने वडी मात्र उचलली.

“वीस मिनिटं उरली!” मर्नाने पुकारा केला.

आर्लिस मधल्या वर्तुळात गेली.

“नको,” ती तोंड उघडायच्या आत हार्लन म्हणाला. “वडी नको आणि ती बाईही नको. खोटारडी आहे.”

“आहे,” आर्लिस म्हणाली.

हार्लन दचकला. त्याने भांडणाची जय्यत तयारी केली होती आणि समोरची बाई पहिल्याच वाक्याला कबूल!

“मग तू कशाला उभी आहेस तिकडे?”

“मला ती आवडते असं तुला कोणी सांगितलं? डोक्यात जाते माझ्या. हसली की वाटतं दात मोजून दाखवतेय. पण चूक झाली असं तिघांत तिनेच म्हटलंय. म्हणजे उद्या तिची मान धरता येईल. तुझ्या या वर्तुळात उभं राहून मी कोणाची मान धरू? तुझी?”

“मी कुठल्याच चोराच्या कोपऱ्यात पाय ठेवणार नाही.”

“नको ठेवू!” आर्लिसचा आवाज चढला. तिन्ही कोपरे वळून बघायला लागले. “तू आपले बूट चकचकीत ठेव, हार्लन. माझ्या पोरीने गाडीच्या मागच्या सीटवर बाळंत व्हावं, बर्फात. आणि तू घरी बसून सांग सगळ्यांना, की मी नाही त्यातला. या गावात असे स्वच्छ फार झालेत. स्वच्छ राहून राहून एक वॉर्ड घालवला आपण!”

हार्लनचे कान लाल झाले. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“तिकडे येऊन मी तिला शिव्या दिल्या तर चालेल?”

“दे की.”

“मोठ्याने?”

आर्लिसने मर्नाकडे पाहिलं. मर्नाने पुन्हा पुस्तिका चाळली. “तोंडाबद्दल काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “मोजणी पायांची आहे.”

हार्लन निघाला. चालता चालताच त्याने सुरुवात केली. “ही व्हिटकोंब म्हणजे एक नंबरची ढोंगी बाई आहे,” असं गरजत तो रिंगखाली पोचला, वळला आणि पाय रोवून उभा राहिला. “शब्दाची पक्की तर अजिबातच नाही!”

“पंधरा!” क्लीटसने टाळी वाजवली.

आणि मग गंमत झाली. व्हिटकोंबच्या कोपऱ्यात उभं राहून व्हिटकोंबला नावं ठेवता येतात हे लोकांना कळलं. हार्लनच्या सातांपैकी चौघे कुरकुरत आले. डनिंगकडचे दोघे आले. प्रत्येक जण येताना एक शिवी घेऊन येत होता. इतका आनंदी कोपरा त्या व्यायामशाळेत दुसरा नव्हता, आणि उमेदवाराबद्दल चांगला शब्द तिथे एकही ऐकू येत नव्हता.

शेवटच्या मिनिटाला जनेल आली. डुलत, सावकाश.

“मी तिच्यासाठी नाही आले.”

“माहीत आहे,” आर्लिस म्हणाली.

“कागदासाठी आले.”

“तेही माहीत आहे. खुर्चीवर बस आधी.”

मोजणी झाली. बावीस. कोपरा वाचला, एक प्रतिनिधी मिळाला. “नाव?” मर्नाने विचारलं.

सगळे आर्लिसकडे बघायला लागले. तिलाही जायचं होतं. रात्र रात्र जागून तिने तो ठराव लिहिला होता. “सभा कधी आहे?” तिने विचारलं.

“मार्चचा शेवटचा शनिवार.”

आर्लिसने जनेलकडे पाहिलं. डॉक्टरने दिलेली तारीख त्याच आठवड्यातली होती. गाडीत पेट्रोल भरून ठेवून, बूट घालूनच बसायचा तो आठवडा.

तिने खिशातून कागद काढला आणि हार्लनच्या छातीवर ठेवला.

“मी?” हार्लन म्हणाला. “अगं, मी तिकडे सगळ्यांसमोर त्या बाईचे वाभाडे काढीन!”

“काढ. पण आधी वॉर्ड, मग वाभाडे. क्रम चुकवायचा नाही.”

हार्लनने चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि कपाळाला आठी घातली. “हे फार सौम्य लिहिलंयस,” तो म्हणाला. “पेन आण.”