लास्मिनीच्या तारखा

"सगळ्यांवर एकच तारीख कशी, पाक?" हार्नी पडद्यावर बोट फिरवत बापाला म्हणाली. "आईचं ईदच्या दिवशीचं बोलणं शोधतेय, तर इथे चौदा मार्च, चौदा मार्च. खालपर्यंत चौदा मार्चच!"

"नीट बघ. चष्मा लाव," सुगिमान चहाचा पेला घेऊन येत म्हणाले.

"लावलाय की. तुम्हीच बघा."

त्यांनी वाकून पाहिलं. मग पेला बाजूला ठेवून यादी वरपासून खालपर्यंत सरकवली.

सलातिगा गावाच्या रेडिओ केंद्रात सुगिमान यांनी तंत्रज्ञ म्हणून तेहतीस वर्षं काढली. गावाने त्यांचा आवाज कधी ऐकला नाही. दुसऱ्यांचे आवाज स्वच्छ पोचवायचे, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाले त्याच वर्षी बायकोला, लास्मिनीला, अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. रोज बोलायचा सराव करून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सुगिमान यांनी सराव करून घेतलाच, वर तो रेकॉर्डही केला. साबणाच्या वडीएवढा, कवच नसलेला एक संगणक आणला, त्याला मायक्रोफोन जोडला आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून दिला.

सुरुवातीला नुसतंच 'भा... भा...' यायचं. पुढे 'भात' आला, 'पाणी' आलं, 'मांजर' आली. दुसऱ्या वर्षी तर गाडी अशी रुळावर आली की, "मास, तुम्ही आधी धड भात शिजवायला शिका, मग मला बोलायला शिकवा!" असं तिने मायक्रोफोनसमोरच सुनावलं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला 'मास' अशीच हाक मारायची. तिसऱ्या वर्षी दुसरा झटका आला आणि शब्द ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने एकेक करून निघून गेले. नोव्हेंबरात लास्मिनीही गेली. मागे सहाशे अकरा रेकॉर्डिंग्ज राहिली.

त्या छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड हल्ली अडखळायला लागलं होतं. म्हणून हार्नीने सेमारांगच्या आपल्या कचेरीतून निघालेला एक दणकट जुना सर्व्हर, म्हणजे पेटीएवढा संगणक, घरी आणून दिला. "यात दोन डिस्क आहेत, पाक. एक गेली तरी दुसरीवर सगळं राहील. आईचा आवाज आता कुठे जात नाही," ती म्हणाली होती.

सुगिमान यांनी सगळं त्या पेटीत उतरवून घेतलं, मग तीन दिवस बसून एकूण एक रेकॉर्डिंग ऐकलं. कुठे खरखर नाही, कुठे तुटलेलं नाही. समाधान झालं तेव्हा त्यांनी जुनं कार्ड पुसलं. केंद्रातही टेप उतरवली, ऐकून खात्री केली की मूळ टेप पुसायची आणि पुढच्या कार्यक्रमाला द्यायची. तेहतीस वर्षांत हा हात कधी चुकला नव्हता. आताही त्यांनी कानांनी तपासलं, तारखांकडे पाहिलंच नाही. फाइलींची नावं म्हणजे संगणकाने मनाला येतील तशी जुळवलेली अक्षरं. कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे फक्त तारखेवरून कळायचं. उतरवताना प्रत्येकीवर त्या दिवसाची तारीख बसली होती.

"मूळ कार्ड कुठंय?"

"पुसलं."

"म्हणजे?"

"पुसलं, हार्नी. तो छोटा संगणक पाण्याच्या पंपाला लावायचा होता, म्हणून नवं सगळं भरलं त्यावर."

हार्नी कार्ड घेऊन सेमारांगला गेली, दोन दुकानं फिरली. त्यातून काहीही निघालं नाही.

मधल्या दिवसांची रेकॉर्डिंग्ज क्रमाने लावणं सोपं होतं. जीव खाल्ला तो दोन्ही टोकांनी. 'भा... भा...' हे शिकतानाचं की विसरतानाचं? सुगिमान यांना स्वतःच्या हातांचा राग यायचा. आपण बायकोची तीन वर्षं पत्त्यांसारखी पिसून ठेवली, असं त्यांना वाटायचं आणि जेवण जायचं नाही.

"तुमचे कान आहेत ना?" एका रविवारी हार्नी म्हणाली. "आईचं राहू द्या. तिच्या मागचं ऐका."

मग ते मागचं ऐकू लागले. मागे हातोडा वाजतोय, म्हणजे शेजारी घर बांधत होते, पहिलं वर्ष. पाववाल्याचा भोंगा बसकट येतोय, म्हणजे नंतरचं. आधी तो चांगला खणखणीत होता. ते सांगायचे, हार्नी क्रमाचे आकडे घालायची. "रेडिओवाल्याशी लग्न करून आईने काही वाईट केलं नाही," ती मध्येच म्हणाली, तेव्हा कितीतरी दिवसांनी ते हसले.

जूनच्या शेवटच्या रविवारी एकच रेकॉर्डिंग उरलं. त्यात एकच शब्द होता. लांब श्वास आणि मग, "मा...स."

सुगिमान यांनी हेडफोन लावून ते तीनदा ऐकलं. आवाजामागे अगदी बारीक घरघर होती. प्राणवायूचं यंत्र. ते घरात आलं होतं फक्त शेवटच्या एकोणीस दिवसांसाठी. त्यांनी हेडफोन मुलीकडे दिला.

हार्नीने डोळे मिटून ऐकलं. ते एकोणीस दिवस ती त्याच यंत्राशेजारी चटई टाकून झोपली होती. तिने हेडफोन काढला, वायरीची हळूहळू गुंडाळी केली आणि बापाकडे न बघता विचारलं, "पहिलंच आहे ना हे, पाक? आई बोलायला लागली तेव्हाचं?"

"हो," सुगिमान म्हणाले. "तेव्हाचंच."

तिने त्यापुढे एकचा आकडा घातला. मग बापलेक पहिल्यापासून ऐकायला बसले.