चौदा प्रकरणं आणि एक केबल

आमच्या हिनं अंध वाचकांच्या लायब्ररीसाठी सहा वर्षं पुस्तकं वाचली. म्हणजे घरातल्या मागच्या खोलीत माइकसमोर बसून मोठ्यानं वाचायची आणि ते रेकॉर्डिंग लायब्ररी लोकांना ऐकायला द्यायची. शेवटच्या कादंबरीची पंधरापैकी चौदा प्रकरणं झाली आणि ही गेली.

दीड महिन्यानं लायब्ररीतल्या बाईंचा फोन आला. आधी दोन शब्द दुःखाचे बोलल्या, मग म्हणाल्या, "आमच्याकडे एका पुस्तकाला एकच आवाज असा नियम आहे. आता ते पुस्तक दुसऱ्या बाई पहिल्यापासून वाचतील."

"मग हिची चौदा प्रकरणं?"

"ती ठेवता येत नाहीत हो."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पंधरावं मी वाचतो."

"घरचेच आहात म्हणून समितीला विचारून बघते. पण आवाज स्वच्छ हवा. आणि शनिवारपर्यंत हवं."

त्यांचा होकार दुसऱ्याच दिवशी आला. मी आयुष्यात मोठ्यानं वाचलं असेल ते फक्त मीटरचं रीडिंग. चाळीस वर्षं वायरिंगची कामं केली, घरांची आणि कारखान्यांची. तरी बसलो. भिंतीवर खिळ्याला टांगलेली हिची केबल सोडली, माइकला लावली आणि वाचलं. शेवटचं प्रकरण तेवढं वाचायचं, त्यामुळे कोण कोणाचं काय लागतं याचा पत्ता नाही. एक मावशी सामान बांधते, सगळे रडतात. ती गावाला निघाली की नवऱ्याला सोडून चालली, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी पाठवलं, संध्याकाळी परत आलं. आवाज मध्येच कुरकुरतो, मध्येच जातो, असं लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या.

मुलीला फोन केला. ती दूर असते. "बाबा, केबल गेली असेल. नवीन आणा. चांगली आणा."

"चांगली म्हणजे कशी?"

"ते दुकानात सांगतील ना. आणि बाबा, तुम्ही भांडू नका."

दुकानात एक अख्खी भिंत केबलींची. काळ्या, लाल, निळ्या, कापडी वेष्टणाच्या, सोनेरी पिनांच्या. एकीवर लिहिलेलं 'स्टुडिओसाठी', दुसरीवर 'स्टेजसाठी', तिसरीवर 'व्यावसायिक'. घरासाठी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. काउंटरमागे चाळिशीच्या बाई बसल्या होत्या, चष्मा डोक्यावर, हातात सोल्डरिंग आयर्न. त्यांनी विचारलं, "काका, कशासाठी हवी?"

"यातली सगळ्यात जाड कोणती?"

"जाडीचं काय करायचंय? काम काय आहे ते सांगा."

"ताई, माझा जन्म वायरीत गेलाय. तुम्ही जाड दाखवा."

त्यांनी बोटानं दाखवली आणि पुन्हा सोल्डरिंगकडे वळल्या. मी हातात तोलून बघितली, चांगली जड होती. एका टोकाला माइकला बसतात तशी तीन भोकं, दुसऱ्या टोकाला एक जाडजूड पिन. हिच्या रेकॉर्डिंगच्या डबीत दोन्ही तऱ्हेची पिन बसते, म्हणून घेतली.

घरी येऊन काम नीट केलं. वायर लोंबकळलेली मला खपत नाही. भिंतीवरून लाइटची वायर गेली आहे, तिला लागून ही केबल सरळ रेषेत नेली, वीतभर अंतरावर क्लिपा मारल्या. लेव्हल लावून बघितली असती तरी चूक निघाली नसती. मग वाचलं आणि ऐकलं. माझ्या आवाजाच्या मागे घुंऽऽ असा आवाज, पोळं उठल्यासारखा. जुनीला कुरकुर होती, नवीला घरघर. दुप्पट पैसे मोजून मी नुसता रोग बदलून आणला होता.

आता माझ्या मनात भलतंच आलं. हा आवाज पहिल्यापासूनच असेल तर? हिला ऐकू येत नसेल, लायब्ररी पुसून घेत असेल? खरं काय ते बघायला मी हिची प्रकरणं लावली. लायब्ररी लोकांना देते ती नाही, त्याआधीची, न कापलेली. पहिल्यापासून ऐकत बसलो. कुरकुर नाही, घरघर नाही. पान उलटल्याचा आवाज सुद्धा वेगळा ऐकू येतो. पाचव्या प्रकरणात मावशी कोण ते कळलं. आणि प्रत्येक प्रकरण संपलं की चार-पाच सेकंद शांतता, मग माझी पावलं, आणि ही म्हणते, "थांबा हो. केबलला हात लावू नका, मी गुंडाळते."

चौदाच्या चौदा वेळा. एकदा तर म्हणाली, "तुमचे हात वायरमनचे आहेत." तेव्हा मला वाटलं होतं, कौतुकानं म्हणते.

बुधवारी दोन्ही केबली पिशवीत घालून पुन्हा दुकानात गेलो. ताईंनी आधी जाड केबल घेतली.

"ही कशी लावली होती?"

मी सगळं सांगितलं. क्लिपांसकट.

त्यांनी कपाळावर हात मारला. "काका, लाइटच्या वायरीला चिकटवून?"

"मग काय, जमिनीवर लोळत ठेवू?"

"हो! लोळू दे की. लाइटच्या वायरीची घरघर ही ओढून घेते. आणि टोक माइकचं असलं तरी मुळात ही गिटारची. आत एकच तार आणि वरून जाळी. माइकची घ्यायची तर आत दोन तारा आणि वरून जाळी. बाहेरचा आवाज दोन्ही तारांत सारखाच शिरतो, आणि पलीकडे वजा होतो."

"म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग?"

"नाही… बरं, तसंच समजा."

"करंट किती अँपिअर?"

त्या हसल्या. "नसल्यासारखाच. मुंगीला सुद्धा झटका बसायचा नाही."

चाळीस वर्षांचं शिक्षण पार डोक्यावरून गेलं. करंट नाही तर तांबं कशाला, आणि वजा होतो तर जातो कुठे? मी विचारायचं टाळलं.

मग त्यांनी हिची जुनी केबल हातात घेतली. डोळे मिटून बोटं फिरवत गेल्या. मध्ये मध्ये थांबत होत्या. "चांगल्यातली आहे हो ही. जाळी दाट, वेष्टण मऊ. माझ्या भिंतीवरच्या निम्म्यांपेक्षा बरी. पण हिला पीळ कोणी दिला? कोपरावर गुंडाळलीये, आणि पिनेपाशी गाठ मारून टांगलीये. आतली तार तिथे तुटलीय."

तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर मी हिची खोली आवरली होती. पुस्तकं लावली, चष्मा पुसून ठेवला. केबल जमिनीवर सैल वेटोळी करून पडली होती, ही नेहमी तशीच ठेवायची, लोकरीसारखी. मला ते पसारा वाटलं. पंजा ते कोपर, पंजा ते कोपर, कामावर गुंडाळायचो तशी आवळून गुंडाळली आणि टोकाला करकचून गाठ मारली.

"मीच," मी म्हणालो. "बायकोची आहे. ती हात लावू देत नव्हती."

"शहाणी आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. "हातभर कापावी लागेल. बाकीची ठणठणीत आहे. सोल्डर करता ना?"

त्यांनी केबल कापली, मी सोल्डरचा डाग दिला. एक डाग पसरला, तो काढून पुन्हा दिला. मग त्यांनी गुंडाळायची रीत दाखवली. एक वेढा सरळ, पुढचा मनगट फिरवून आतून. माझ्या हाताला ते उलटंच वाटत होतं. चार वेळा चुकलो. पाचव्यांदा जमलं, पण कसं जमलं ते सांगता येणार नाही.

"आणि जाड केबल?" मी विचारलं.

"तिच्यावर कपडे वाळत घाला."

गुरुवारी केबल जमिनीवर लोळत ठेवून वाचलं. मावशी नवऱ्याला सोडून चालली नव्हती, त्याला आणायला चालली होती. ते माहीत असल्यामुळे या वेळी एका जागी थांबावं लागलं, पाणी प्यालो, पुढे वाचलं.

शुक्रवारी लायब्ररीतल्या बाईंचा फोन. "आवाज अगदी स्वच्छ आहे. वाचन जरा… असू दे. समितीनं ठेवलंय. सगळी पंधरा."

"बरं झालं," मी म्हणालो.

"फक्त एक विचारायचं होतं. वाचून झाल्यावर शेवटी तुम्ही कोणाशी तरी बोललाय. 'थांब गं, मी गुंडाळतो' असं."

मला आठवेना. मी बोललो असेन का? घरात तर कोणी नव्हतं.

"ते कापू ना?" त्यांनी विचारलं.

"हिचं कापता का?"

"हो, प्रत्येक वेळी."

"मग कापा," मी म्हणालो, आणि फोन ठेवून मागच्या खोलीत गेलो. केबल जमिनीवर होती. सैल, वेटोळी करून. गुंडाळल्याचंही मला आठवत नव्हतं.