मिस्त्रींनी ऐकलेली भिंत

मिस्त्रींचे गुडघे आधी नुसते कुरकुरत होते, आता उघड भांडायला लागले होते. तीस वर्षं लोकांच्या बेसिनखाली, टाक्यांमागे आणि बाथरूमच्या कोपऱ्यांत गुडघे टेकून प्लंबिंग केल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, अजून दोन वर्षं रेटाल, पुढे नाही. बसून खायला घरात काही पुरून ठेवलेलं नव्हतं. तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं की आयुष्यभराच्या साठवणीतून एक लहानसं घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं. स्वतः बावीस वर्षं भाड्याच्या घरात राहणारी माणसं घरमालक व्हायला निघाली, हे ऐकून मेहुणा पोट धरधरून हसला होता.

हसायला त्याचं काय जात होतं म्हणा. पण घर मिळणं खरोखरच दुरापास्त झालं होतं. सकाळी जाहिरात लागे आणि दुपारी एजंट म्हणे, गेलं. घर बघायला जावं तर जिन्यापर्यंत रांग. त्यात मिस्त्रींची खोड आडवी येई. गळका नळ दिसला की त्यांचा हात आपोआप हत्यारांच्या पिशवीत जायचा. पहिल्या घरात त्यांनी बोलता बोलता नळाचा वॉशर बदलला, दुसऱ्यात तुंबलेलं बेसिन मोकळं करून दिलं. दोन्ही मालकांनी घर आता कसं ठणठणीत आहे असं म्हणत किंमत चढवली.

“अहो, आपण घर घ्यायला निघालोय,” बायको म्हणाली, “लोकांची घरं नीट करून द्यायला नाही.”

तिसऱ्या घराला जाताना तिने पिशवी काढूनच घेतली. खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर तेवढा तिच्या नजरेतून सुटला.

हे घर चौथ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. मालकीण एक निवृत्त पोस्टमास्तर, एकट्याच राहत होत्या. सगळे त्यांना पोस्टमास्तरबाई म्हणत. लेकीला बेकरी काढायला पैसे द्यायचे म्हणून घर विकून त्या लेक-जावयाकडे राहायला जाणार होत्या. त्या दिवशी त्या दोन खोल्यांत चौदा माणसं कोंबली होती. कुणी कपाटं उघडून बघत होतं, कुणी खिडकीशी उभं राहून फोनवर आणखी पैसे मागत होतं. बाईंनी मागितलेली किंमत मिस्त्रींच्या आवाक्याबाहेरची होती, हे त्यांना दारातच कळलं होतं. तरी आलोच आहोत तर बघून जाऊ, म्हणून ते बाथरूममध्ये शिरले.

भिंतीचे पोपडे बघून त्यांना राहवलं नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी पाइपला लावलं आणि मूठ कानाला. आत सूं सूं आवाज येत होता.

“गेला हा,” मिस्त्री म्हणाले. ते मनाशीच बोलले होते, पण त्यांचा आवाज पहिल्यापासून बिनभोंग्याचा भोंगा. “भिंतीतला पाइप गेलाय. सगळं बाथरूम फोडावं लागणार.”

बाथरूमच्या दाराशी उभ्या असलेल्या जोडप्याने ते ऐकलं, त्यांच्याकडून एजंटने, आणि दहा मिनिटांत खोल्या रिकाम्या झाल्या. पोस्टमास्तरबाई मिस्त्रींकडे बघत राहिल्या. मिस्त्रींना भूमी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं झालं.

“पळवलीत सगळी गिऱ्हाइकं,” बाई शेवटी म्हणाल्या. “आता तुम्हीच किती देता ते बोला.”

मिस्त्रींनी आपल्याजवळचा आकडा सांगितला, त्यातून पाइप आणि फरशांचा खर्चही वजा केला. बाईंनी बराच विचार केला आणि मान डोलावली. घरी जाताना बायको जिन्यातच गुणगुणायला लागली.

आठवड्याने दोघं इसार द्यायला गेली. पाकीट बायकोच्या पर्समध्ये होतं. बाईंनी चहा टाकला, तेवढ्यात कुठवर फोडायचं याची खूण करावी म्हणून मिस्त्री बाथरूममध्ये गेले. आधी त्यांनी घराचा मुख्य कॉक बंद केला, मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. घराचं पाणी बंद, तरी भिंतीत सूं सूं चालूच.

मिस्त्रींनी कॉक पुन्हा एकदा तपासून पाहिला. कॉक बंद करून ऐकायचं, हे प्लंबिंगच्या पहिल्या दिवशी शिकतात, आणि त्या दिवशी गर्दीत ते तेवढंच विसरले होते. ते गुडघे सांभाळत वरच्या मजल्यावर गेले. वरच्यांची फ्लशची टाकी अखंड वाहत होती. तिचाच आवाज पाइपातून खाली येत होता. बाईंचा पाइप धडधाकट होता आणि पोपडे नुसते जुन्या रंगाचे होते.

त्यांनी बायकोला जिन्यात बोलावून सगळं सांगितलं.

“गप्प बसलात तर?” तिने विचारलं.

“तर घर आपलं. स्वस्तात.”

“आणि बोललात तर?”

इतकं जवळ आलेलं घर पुन्हा मिळणार नव्हतं आणि गुडघ्यांकडे दोनच वर्षं होती. मिस्त्रींना भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

बायको पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. “तुम्हाला हे पचायचं नाही,” ती म्हणाली. “आणि तुमची तगमग जन्मभर बघायची ती मी. जा, सांगून टाका.”

मिस्त्रींनी सांगितलं. बाईंनी स्वतः जाऊन कॉक बंद असल्याची खात्री केली, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकलं, आणि येऊन खुर्चीत बसल्या.

“म्हणजे घर चांगलं आहे.”

“उत्तम आहे.”

“मग किंमत पहिलीच.”

“बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाले. “ती आम्हाला झेपायची नाही. येतो आम्ही.”

“बसा. चहा झालाय.” बाईंनी कप पुढे केले. “एकोणतीस वर्षं टपालखात्यात काढली मी. दुसऱ्याचं पाकीट चुकून आपल्याकडे आलं तर परत आणून देणारी माणसं मी बोटांवर मोजली आहेत.” त्यांनी स्वतःचा कप उचलला. “खरं सांगू? मला जावयाकडे जायचं नाही. माणूस गुणी आहे, पण पहाटे पाचला उठून व्यायाम करतो आणि मलाही करायला लावतो. भाड्याने घर बघितलं मी. एकट्या म्हातारीला कुणी दारात उभं करत नाही.”

“आम्ही केलं असतं,” बायको म्हणून गेली.

“मग करा. दोन्ही किमतींच्या मधली किंमत घेते, आणि मी इथेच राहते, तुमची भाडेकरू म्हणून.”

बायकोने मनात हिशेब केला. पाइप आणि फरशांचा खर्च वाचला होता, तो धरला की मधली किंमत कशीबशी बसत होती. मग भाड्याचा विषय निघाला. बावीस वर्षं भाडं भरलेल्या बायकोने भाडं सांगायचं म्हटल्यावर आकडा तो केवढा असणार? पोस्टमास्तरबाई म्हणाल्या, एवढ्यात हल्ली सायकलसुद्धा कुणी ठेवू देत नाही, जरा वाढवा. बायको म्हणाली, नको, जड जाईल तुम्हाला. शेवटी भाडेकरणीने मालकिणीला दटावून भाडं वाढवून घेतलं.

खरेदीखत झालं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मिस्त्री एकेक पायरी चढत चौथ्या मजल्यावर पोचले. किल्ली खिशात होती, तरी त्यांनी बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि त्यांना खुर्चीत बसवून भाड्याचं पाकीट हातात दिलं. पावतीही त्यांनीच लिहून ठेवली होती, टपालखात्याच्या टपोऱ्या अक्षरात.

“इथे सही. घरमालक लिहिलंय त्याच्या खाली.”

मिस्त्रींनी सही केली. पाकीट हातात धरून ते आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले. तीस वर्षांत पहिल्यांदाच गुडघे जमिनीला न टेकवता पैसे मिळाले होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पोस्टमास्तरबाई चहा टाकायला आत गेल्या आणि जरा वेळ लावूनच बाहेर आल्या.