खिडकीवरची गोधडी

हेवा करायला माणसाला काहीही पुरतं. शेजारणीची म्हैस, जावेची साडी, भावाची बढती. पण किन्हवलीजवळच्या एका पाड्यावर राहणाऱ्या सुरेखाला हेवा वाटायचा तो धाकट्या जावेच्या डोकेदुखीचा! हसू नका. असले हेवे आपल्याही घरात नांदतात. आपण त्यांना फक्त 'न्याय' म्हणतो.

नम्रता ही धाकटी जाऊ, मनोजची बायको. अधूनमधून तिचं अर्धं डोकं असं ठणकायचं की उजेड सोसवेना आणि फोडणीच्या वासानेही उलटी व्हायची. मग मनोज कामाला आसनगावकडे निघण्याआधी माजघराच्या खिडकीवर जाड गोधडी टांगायचा, टीव्ही बंद करायचा आणि बजावायचा, "आवाज करू नका रे कोनी."

सुरेखाच्या मनातला तराजू तिथेच कलायचा. एका पारड्यात भाकऱ्या, शेण, भाताची आवणी, सासूचे पाय चेपणं. दुसऱ्यात ती एक गोधडी. आणि गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी तिच्या हातून पातेली निसटायची. झाकणं तर फारच.

"वैनी, हळू गो जरा," आतून नम्रता कण्हायची.

"भांड्यांना सांग बाय! मी काय मुद्दाम करते?"

सासू सकुबाई ओटीवर तांदूळ निवडत मान हलवायची. "आमच्या वेळी नव्हती असली दुखनी."

शहापूरच्या डॉक्टरांनी नम्रताला अर्धशिशी असल्याचं सांगून एका मोठ्या हॉस्पिटलातल्या अभ्यासासाठी तिचं नाव सुचवलं. अर्धशिशीने मेंदूच्या पांढऱ्या भागात, जिथून निरोपांच्या तारा जातात तिथे, काही फरक पडतो का, ते एमआरआयचे फोटो काढून पाहायचं होतं. ताडून बघायला साधारण त्याच वयाच्या, पण डोकं न दुखणाऱ्या बायकाही हव्या होत्या.

"माझा काढा की!" सुरेखा म्हणाली. "माझं डोकं नाय दुखत. दुखायला टाइम कुठाय?"

सगळे हसले. तिच्या मनात वेगळंच होतं. नम्रताला न्यायला गाडी येणार, डॉक्टरीण तिच्याशी बोलणार, नि आपण काय दारातून हात हलवायचा? शिवाय आपल्या फोटोशेजारी नम्रताचा लावला की तिचं नाटक उघडं पडेल!

डॉ. रत्ना अभ्यास बघत होत्या. त्यांनी विचारलं, "सुरेखाताई, डोकं दुखतं कधी? उजेड नकोसा होतो? उलटी?"

"नाय. नाय. नाय," सुरेखा म्हणाली. शेवटच्या 'नाय'ला तिने पदर कपाळावर जरा पुढे ओढला. एवढंच.

दोघींचेही फोटो निघाले. पुढे नम्रताचा रिपोर्ट फोटोसकट घरी आला. मनोजने वाचून दाखवला: मेंदूत काही दोष नाही. नम्रताला हायसं वाटायच्या आतच सुरेखाने फोटो ओटीवर उन्हात धरला.

"बघा सगळी! हाय का काय? आरशासारखं साफ! एवढी वर्सं आमी पाय न वाजवता चाललो, ते कशासाठी?"

"वैनी, मला खरंच..."

"फोटोत नाय तर डोक्यात काय असनार गो?" सकुबाई म्हणाली. ती उठली आणि खिडकीवरची गोधडी काढून वळकटीत टाकली. मनोज बायकोकडे बघत राहिला, मग खाली. नम्रताला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

सुरेखाने फड जिंकला होता! त्या दिवशी पातेल्यांनाही कसा शिस्तीने जागच्या जागी बसायचा मोह झाला.

पण आठवड्याभरात डॉ. रत्नांचा फोन आला, "एकदा शहापूरला याल का? एकट्याच या."

दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर तिचा फोटो दाखवला. करड्या आकाशात चांदण्या सांडाव्यात तसे त्यात बारीक पांढरे ठिपके होते.

"घाबरू नका. असे ठिपके अर्धशिशीवाल्यांत जरा जास्त आढळतात. दुसऱ्या कारणांनीही येतात. का येतात, तेच आम्ही शोधतोय. म्हणून पुन्हा विचारते, डोकं खरंच दुखत नाही?"

सुरेखाने वेगळाच सवाल केला. "म्हंजे नम्रतापेक्षा माझं जास्त दुखतं, असंच ना?"

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, ही काय भजनाची स्पर्धा आहे? ठिपके म्हणजे दुखण्याचं माप नव्हे. आवणीच्या दिवसांत कंबर मोडते, तिचा फोटो येतो?"

"नाय."

"मग ती दुखत नाही?"

"दुखते की! जीव जातो."

"तसंच आहे. कितीतरी अर्धशिशीवाल्यांचे फोटो अगदी साफ येतात. नम्रताच्या रिपोर्टचं मी तुम्हाला सांगणार नाही, तो तिचा आहे. पण साफ फोटो कोणालाही खोटं ठरवत नाही, एवढं लक्षात ठेवा."

सुरेखा पदराशी चाळा करत म्हणाली, "मला पित्त होतं. पयलं डोळ्यांपुढं चमचमतं, मग हे अर्धं डोकं धरतं. गोठ्यामागं जाऊन वकते, पदर आवळून बांधते नि येऊन भाकरी थापते."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. नवीन होते तवा सांगितलं व्हतं एकदा. सासू म्हनली, डोकं दुखलं म्हनून चूल थांबत नाय. परत नाय बोलले." तिने पदर मुठीत आवळला. "माझ्या खिडकीला कोनी गोधडी नाय लावली, डॉक्टर! नम्रताच्या लावलेली, तीबी आमी काढली."

हेव्याची खरी मुळी ही अशी खोलवर होती!

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला निरोगी म्हणून घेतलं होतं. न बोलणाऱ्या बाईला निरोगी समजलं, की आमचा अभ्यासही चुकतो आणि तुमचं घरही. तुमच्यावर उपचार करू. पण एक सांगा, तुम्हाला नाही मिळाली म्हणून तिची गोधडी काढायची?"

सुरेखा एसटीने परतली, तेव्हा नम्रता माजघरात डोळ्यांवर हात दाबून पडली होती. उघड्या खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. टीव्ही मोठ्याने चालू होता. सुरेखाने मनात ठरवलं असतं, तर गप्प बसून जिंकलेलीच राहिली असती. कोणाला कळणार होतं?

तिने टीव्ही बंद केला. वळकटीतून गोधडी ओढली.

"काय करतेस गो?" सकुबाई म्हणाली.

"आई, हिचं खरं हाय. फोटो साफ असला तरी खरं. नि माझंबी डोकं दुखतं. पित्त नाय ते, हेच हाय. गोठ्यामागं वकते मी, इतकी वर्सं. हिला अंधार मिळतो म्हनून जळत व्हते मी!"

दारात उभा असलेला दिनेश, सुरेखाचा नवरा, बघतच राहिला. सकुबाईने तांदूळ निवडायचं सूप बाजूला सरकवलं. "मीच बोलले व्हते ना तुला, चुलीचं? मलाबी तसंच कोनी बोललं व्हतं गो." मग उठून तिने गोधडीचं दुसरं टोक धरलं.

आतून नम्रता पुटपुटली, "वैनी, तुमी आधी का नाय सांगितलं? खिडकी दोघींना पुरली असती."

पुढच्या खेपेला सुरेखाचं डोकं धरलं, तेव्हा ती गोठ्यामागे गेली नाही. लग्नानंतर दुसऱ्यांदाच, ऐन दुखण्यात, तोंडाने म्हणाली, "डोकं दुखतंय." दिनेशने गोधडी टांगली, इतकी वाकडी की अर्धा उजेड आतच. नम्रताने ती सरळ केली आणि भांडी मांडताना एकेक झाकण असं ठेवलं, जणू झोपलेलं पोर. रांधलं दिनेशने, ताटंही त्यानेच वाढली. भात कच्चा होता; सगळ्यांनी मुकाट्याने गिळला.

बंधूंनो, भगिनींनो, विज्ञान मेंदूचे फोटो काढतंय ते चांगलंच आहे. त्यातून उद्या औषधं निघोत. पण घरातल्या माणसाचं दुखणं मानायला फोटो लागत नाही. आणि दुसऱ्याचा आराम डोळ्यांत खुपायला लागला, तर आपलं काय दुखतंय ते आधी तपासावं, आणि तोंडाने सांगावं!