माझं काय रे, थॉमसला सांगा

भुईगावच्या मार्सेल तुस्कानोच्या घरी ज्या वर्षी त्याच्या मुलीचा, ज्युलिएटचा, बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी मी त्या घरात आले. साल १९९८. बाप्तिस्म्याच्या जेवणाची मोठी भांडी अजून अंगणात पालथी पडली होती. मार्सेल मला खांद्याला लावून आत शिरला. त्याची बायको क्लेमेंटीन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "घरात एक रडनारं आहे ते पुरे नाय झालं?"

"ही रडत नाय," मार्सेल म्हणाला. "ही गुरगुरते."

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. माझा जन्म कोलकात्याच्या एका गल्लीतल्या लहानशा कारखान्यात झाला. एका जाड फळीतून माझं अंग कापलं, त्याला लांब मान जोडली, तांबडं पॉलिश चढवलं आणि मला उन्हात तारेला टांगलं. पॉलिश वाळल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने मला चार जाड तारा लावल्या. सगळ्यात जाड तार त्याने अंगठ्याने छेडली आणि माझ्या अंगाला कान लावला. नंतर मान हलवून त्याने पुढची गिटार हातात घेतली. तेवढंच माझं स्वागत.

तिथून मी मुंबईत एका वाद्यांच्या दुकानात आले आणि खूप दिवस भिंतीवर लटकत राहिले. येणाऱ्या पोरांना सहा तारांची गिटार हवी असायची. माझ्याकडे बोट दाखवून ती विचारायची, "हिच्या दोन तारा कुठे गेल्या?" दुकानदार हसायचा. मला वाईट वाटायचं. पण माझं काम वेगळं आहे, हे त्या पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. गाण्याचा सूर गायक धरतो, नाचणाऱ्यांचे पाय ड्रम उचलतो, आणि या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचं काम माझं. माझा आवाज कानाला नीट कळत नाही. तो छातीत आणि पायाखालच्या फळ्यांत कळतो. मी वाजत असते तेव्हा लोकांना वाटतं, बँड छान आहे. मी कुठे आहे, ते कोणी शोधत नाही.

मार्सेलची सोनचाफ्याची वाडी होती. सकाळी तो फुलं काढायचा आणि संध्याकाळी बँडमध्ये वाजवायचा. फांद्या वाकवून त्याची बोटं राठ झाली होती. माझ्या जाड तारांनी दुसऱ्यांच्या बोटांना फोड येतात, त्याला कधी आले नाहीत. बँड वटारच्या बेसिलचा. बेसिल गायचा आणि सहा तारांची गिटार वाजवायचा. त्याच्या जोडीला गायला एखादी पोरगी असायची. ड्रमवर पाचूबंदरचा थॉमस. दिवसा तो बोटीवर असायचा. त्याच्या अंगाला मासळीचा वास यायचा आणि त्याबद्दल कोणी बोललं की तो आणखी जवळ येऊन बसायचा.

आमचं पहिलं लग्न भुईगावातच होतं. नवरा-नवरीचा नाच झाला, मग सगळा मांडव नाचला. नाच थांबल्यावर नवरीचे काका घाम पुसत स्टेजजवळ आले आणि मार्सेलला म्हणाले, "मस्त वाजवतोस रे बाबा! गुडघे दुखतात माझे, तरी बसवेना."

मार्सेलने मान खाली घातली. "माझं काय, अंकल. थॉमसला सांगा. मी नुसता त्याच्या मागून चालतो."

काका थॉमसकडे वळले आणि त्याची पाठ थोपटून गेले. थॉमसने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"मेल्या, तुला दिलेलं कौतुक माझ्या गल्यात कशाला घालतोस? कौतुक काय सडका बोंबील हाय, हातात धरवत नाय तुला?"

"खरं तेच सांगितलं," मार्सेल म्हणाला.

"खरं? मग मी चुकलो तेव्हा मला कोन परत जागेवर आनतो? तुझा आजा?"

मार्सेल हसला आणि माझ्या तारा फडक्याने पुसू लागला.

मित्रांनो, मला आधी वाटलं, ही एकट्या मार्सेलची खोड असेल. पण चर्चच्या सणाला गावोगावचे बँड एकत्र येत, तेव्हा मी दुसरे बेसवाले पाहिले. स्टेजच्या मागे ते आपोआप एका कोपऱ्यात जमायचे. एकाने दुसऱ्याची तारीफ करायची झाली तर तो त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या स्पीकरकडे बघायचा. म्हणायचा, "आज आवाज चांगला होता." मग ज्याची तारीफ झाली तो म्हणायचा, "तारा नव्या आहेत." दुसरा कोणी म्हणायचा, "हॉलच चांगला आहे हा." एक तर लगेच आपली चूक सांगायचा, "तिसऱ्या गाण्यात घसरलो मी, ऐकलंस ना?" ज्याने ऐकलं नव्हतं, त्यालाही मग ती चूक कळायची. कोणी "बरं वाटलं" म्हणून थांबलेला मी पाहिला नाही. मागे उभं राहून दुसऱ्याला पुढे करायचं, हीच त्यांना लागलेली सवय. वाजवताना ती फार कामाची असते. पण वाद्य खाली ठेवल्यावरही ती सुटत नसे.

घरीही तेच. ज्युलिएट चालू लागली तेव्हा ती माझ्या स्पीकरला पोट लावून उभी राहायची आणि ओरडायची, "पप्पा, माझ्या पोटात वाजतंय!" मार्सेल म्हणायचा, "भूक लागलीय तुला. जा, आईकडे जा." क्लेमेंटीन कधी चुलीपाशी बोलून जायची, "आजचं गाणं ऐकून मला आपल्या लग्नाची आठवण झाली." तो विचारायचा, "आमटीत कोकम घातलंस?" ती डाव जरा जोरात आपटायची. त्याला वाईट म्हणण्यासारखं काही नव्हतं. तो कोणावर ओरडत नसे, दारू पीत नसे, सरावाला उशिरा येत नसे. फक्त चांगला शब्द त्याच्या दारात आला की तो त्याला शेजारच्या घराचा रस्ता दाखवायचा.

अशी वर्षं गेली. माझं पॉलिश मार्सेलच्या मनगटाखाली घासून पांढरं पडलं. आमच्या गाण्यांवर नाचलेल्यांची मुलं लग्नाला आली. मग करोना आला आणि मांडव रिकामे झाले. त्या दिवसांत बेसिलने एक नवा कीबोर्ड घेतला आणि घरात बसून त्यावर हात बसवला.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर लग्नं पुन्हा सुरू झाली, पण लहान हॉलमध्ये, मोजक्या माणसांत. स्टेजही लहान. वटारला बेसिलच्या पडवीत सराव होता. मार्सेलने मला पिशवीतून बाहेर काढलं. बेसिल म्हणाला, "थांब, आधी हे ऐका." उजव्या हाताने त्याने सूर वाजवले आणि डाव्या हाताने खालचे, जाडे स्वर. माझेच स्वर. ते चोख होते, पण एकसारखे होते. थॉमस जरा घाई करायचा तेव्हा मार्सेल त्याला हळूच मागे ओढायचा. ते त्या स्वरांना येत नव्हतं.

थॉमस म्हणाला, "बरा हाय. पन बेसिल, हा खेल घरात ठेव."

बेसिल एक वायर हाताला गुंडाळत होता. गुंडाळलेली सोडून तो पुन्हा गुंडाळू लागला. वायरकडे बघतच त्याने विचारलं, "मार्सेल, खरं सांग. चार माणसांना आता कोणी बोलवत नाय. मी, थॉमस आणि गाणारी पोरगी, एवढ्यात भागेल असं लोक म्हणतात. तुझ्याशिवाय चालेल?"

माझी मान मार्सेलच्या मुठीत होती. ती मूठ घट्ट झालेली मला कळली. त्याला राहायचं होतं. बँडशिवाय त्याला दुसरी हौस नव्हती. पण त्याच्या तोंडून जे आयुष्यभर निघत आलं होतं तेच निघालं.

"माझं काय रे. मी असलो नसलो सारखाच. लोक तुला ऐकतात, थॉमसला ऐकतात."

हे बोलून तो थांबला. असं बोलल्यावर समोरचा माणूस "छे, असं कसं" म्हणतो. मांडवात थॉमस तरी दरवेळी तसंच म्हणत आला होता. त्या दिवशी बेसिल म्हणाला नाही. त्याने वायर खाली ठेवली.

"मग तुझी हरकत नाय?"

"हरकत कसली!"

थॉमसने काठी जमिनीवर फेकली. ती घरंगळत अंगणात गेली. ती उचलायला कोणी उठलं नाही.

घरी आल्यावर मार्सेलने क्लेमेंटीनला सांगितलं, "हात दुखतात आता. मीच सोडला बँड." मला त्याने कपाटाशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

पहिलं लग्न माझ्याशिवाय झालं ते थॉमसच्या भाचीचं, पाचूबंदरला. दुसऱ्या दिवशी थॉमस भुईगावला आला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला.

"लोक म्हनत होते, बँड आज पातल वाटला," तो म्हणाला. "माझी बहीन म्हनाली, काय कमी हाय ते कलत नाय. बेसिलने सांगितलं, स्पीकर खराब हाय."

"स्पीकरच असेल," मार्सेल म्हणाला.

"मार्सेल! आग लागो त्या स्पीकरला. तू एकदा बेसिलकडे चल. बाकी काय बोलू नको, नुसतं म्हन, मला यायचंय. बाकीचं मी बोलतो."

क्लेमेंटीन चहा घेऊन दारात उभी होती. आत्ता तिला कळलं की हात दुखत नव्हते. ती म्हणाली, "जा की. एवढा माणूस सांगतोय."

मार्सेल म्हणाला, "बेसिलला अडचण होईल. त्याने सगळं बसवलंय आता."

थॉमसने चहा तसाच ठेवला. जाताना त्याने माझ्या जाड तारेवरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला. त्याने ते पँटला पुसलं आणि तो निघून गेला.

मित्रांनो, भुईगाव समुद्राकाठी आहे. तिथली हवा खारी. वाजवणारा हात रोज फिरत असेल तर तारा टिकतात. हात थांबला की गंज चढतो. आधी माझी बारीक तार तुटली. पावसाळ्यात माझी मान वाकली. आतल्या जोडांवर हिरवी बुरशी आली. त्याच पावसाळ्यात मुंग्यांनी माझ्या पोटात घर केलं. मार्सेल माझ्यासमोरून वाडीत जायचा आणि परत यायचा. कधी थांबून माझ्याकडे बघायचा. त्याने मला खाली काढलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याला चालताना धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर झालं आहे. सोनचाफा तोडायला क्लेमेंटीन जाऊ लागली, आणि त्याची खाट माझ्याच खोलीत घातली गेली.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, तेव्हापासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे लग्नं होत नाहीत. त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत बँडला उसंत नसते. २०२३ साली त्या दिवसांतलं शेवटचं लग्न आटोपून बेसिल सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे आला. ज्युलिएटने त्याला खुर्ची दिली. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला.

"मार्सेल," तो म्हणाला, "तुझ्यासारखा बेस कोणी वाजवला नाय. मला ते तेव्हाही ठाऊक होतं."

मार्सेलने डोळे उघडले.

"मी विचारलं तेव्हा मला वाटलं, तू भांडशील. एकदा जरी नाय म्हणाला असतास ना, मी ठेवला असता तुला. माझ्याच्याने आपणहून 'राहा' म्हणवलं नाय. तू कबूल झालास, मग मीपण मान हलवली."

क्लेमेंटीन म्हणाली, "हे आज सांगतोस, बेसिल?"

मी खिळ्यावरून मार्सेलचं तोंड बघत होते. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता तरी तो हे आपल्याजवळ ठेवून घेईल. ज्युलिएटही पुढे वाकली.

"तुझा कीबोर्ड चांगला आहे रे," मार्सेल म्हणाला. "थॉमसला सांभाळ."

बेसिलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मित्रांनो, मला आता कोणी वाजवत नाही. माझी मान सरळ होण्यासारखी राहिलेली नाही, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही. लाकडाचं असंच होतं. पण तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला भिंतीवर सोडून देऊ नका. आठवड्यातून एकदा तरी त्याच्या तारा पुसा आणि वाजवा. कोणाचं काम तुम्हाला आवडत असेल तर ते त्याला सरळ, तोंडावर सांगा. त्याला नको असेल का, असं विचारत बसू नका. आणि तुम्हाला कोणी चांगलं म्हणालं तर ते लगेच दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. क्षणभर थांबा. "बरं वाटलं" एवढं म्हणा. तुम्हाला कुठे राहायचं असेल तर "मला राहायचंय" म्हणा. हे शब्द जड नाहीत. मार्सेलला ते उचलवले नाहीत, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

मार्सेल तुस्कानो २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, मंगळवारी सकाळी, भुईगावला आपल्या घरी वारला. दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, त्याला चर्चच्या दफनभूमीत पुरलं. पेटीला पुढून थॉमसने आणि बेसिलने खांदा दिला.